लब कुठला, डब कुठला: छातीवर स्टेथो नेमका कुठे ठेवायचा

माझी भाची नेरुळला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, गेल्या महिन्यात एका रविवारी ती नवाकोरा स्टेथो गळ्यात अडकवून ठाण्याला कोपरीत आमच्याकडे आली आणि आल्याआल्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, सोफ्यावर आडवं केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आबा छताकडे बघत गप्प. शेवटी ही मान वर करून म्हणते, "मावशी, आबांच्या छातीत पंखा फिरतोय."

हसू नका. पहिल्यांदा सगळ्यांनाच पंखा ऐकू येतो. मी बघितलं तर कानातले बड्स उलटे, स्टेथोची बाजू भलतीच चालू, आणि तो ठेवलेला आबांच्या बनियनवर. या तीन गोष्टी नीट केल्या तरी निम्मं काम होतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

कानात घालायची टोकं थोडी तिरकी असतात, ती पुढे नाकाकडे झुकलेली असली पाहिजेत कारण आपल्या कानाची नळी तशीच पुढच्या बाजूला वळते, उलटी घातली की टोक नळीच्या भिंतीला टेकतं आणि आवाज अर्धा मरतो. मग छातीवर ठेवायच्या चकतीला दोन बाजू असतात, एक मोठी पडदावाली म्हणजे डायफ्राम आणि एक छोटी वाटीसारखी म्हणजे बेल. एका वेळी एकच बाजू चालू असते, दांडीपाशी ती चकती फिरवली की टक् असा आवाज होऊन बाजू बदलते. कुठली चालू आहे ते बघायला पडद्यावर नखाने हलकी टिचकी मारा, कानात ठण्णकन वाजलं तर डायफ्राम चालू, काहीच नाही आलं तर फिरवा. आणि कपड्यावरून ऐकायचं नाही. अजिबात नाही. घाईत असलेले मोठे मोठे डॉक्टरही शर्टावरून ऐकतात हे मला माहितीये, पण शिकताना ती सवय लागली तर कायमची लागते.

पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, खिडकी लावा. आमच्याकडे खिडकी लावली तरी लोकलचा भोंगा येतोच, ते सोडून द्या. पण रबरी नळी कशाला घासत नाहीये ना ते बघा. ही माझी स्वतःची जखम आहे. फायनल इयरच्या परीक्षेत मी एका पेशंटची छाती ऐकून सरांना छातीठोक सांगितलं की मर्मर (ठोक्यांच्या आवाजांच्या मधे येणारा जास्तीचा फुसकारा) आहे, कुठे आहे, कुठे पसरतो, सगळं म्हणजे सगळं. सरांनी शांतपणे पेशंटला सांगितलं, "काका, जरा श्वास रोखा." मर्मर गायब. माझ्या स्टेथोची नळी काकांच्या शर्टाच्या बटणावर दर श्वासाला घासत होती आणि मी त्या बटणाची ग्रेड सांगत होते! त्या दिवसापासून काहीही वेगळं ऐकू आलं की मी आधी श्वास रोखायला सांगते. श्वासाबरोबर थांबलं तर ते हृदयातलं असण्याची शक्यता कमी, चालूच राहिलं तर पुढे विचार करायचा.

जाता जाता, हे यंत्र लाजेपोटी जन्माला आलंय. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलात रेने लेनेक नावाच्या डॉक्टरकडे एक तरुण, अंगाने भरलेली बाई आली, तेव्हा छातीला थेट कान लावून ऐकायची पद्धत होती आणि ह्याला ते बरं वाटेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून एक टोक छातीवर आणि एक कानाला लावलं, तर कान लावून येतो त्यापेक्षाही स्पष्ट आवाज आला. मग त्याने लाकडी नळी बनवली, १८१९ मध्ये पुस्तक लिहिलं आणि १८२६ मध्ये टीबीने गेला, ज्या आजाराच्या छात्या तो आयुष्यभर ऐकत होता.

आता लब-डब. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय पण आवाज कशाचा ते बहुतेकांना विचारलं की "हृदय धडधडतं त्याचा" असं उत्तर येतं. आवाज झडपा बंद होण्याचा. दार हळू उघडलं तर कळत नाही पण वाऱ्याने आपटलं की अख्ख्या मजल्याला कळतं, तसंच, निरोगी झडप उघडताना ऐकू येत नाही, मिटताना येते. हृदयाचे खालचे दोन कप्पे आवळायला लागले की वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा, डावीकडची मायट्रल आणि उजवीकडची ट्रायकस्पिड, मिटतात. हा लब, आमच्या भाषेत एस वन. मग रक्त बाहेर फेकून झालं की मोठ्या धमन्यांच्या तोंडावरच्या दोन झडपा मिटतात, एऑर्टिक आणि पल्मोनरी. हा डब, एस टू. लब ते डब म्हणजे हृदय आवळलेलं, सिस्टोल. डब ते पुढचा लब म्हणजे सैल पडून भरतंय, डायस्टोल. ठोके मिनिटाला ७५ असतील तर एक फेरी ०.८ सेकंदाची, त्यात साधारण ०.३ सिस्टोलला आणि ०.५ डायस्टोलला. म्हणून ऐकताना लब-डब जवळजवळ येतात, मग मोकळी जागा, मग परत लब-डब. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं त्यावर टांगता येतं.

जागा शोधताना मुलं सगळ्यात जास्त चुकतात. चुकतात कारण अंदाजाने ठेवतात. भाचीने आबांच्या डाव्या छातीवर, देशभक्तीच्या सिनेमात हात ठेवतात तिथे, स्टेथो ठेवला होता. तसं नाही, बरगड्या मोजायच्या, आणि मोजायला कॉलरबोनपासून सुरुवात करायची नाही कारण पहिली बरगडी त्याच्यामागे लपलेली असते आणि तुम्ही एकने चुकता. गळ्याच्या खाली मधोमध जी खाच लागते तिथे बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून सरळ खाली घसरवत आणा. चार-पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल, रस्त्यातल्या छोट्या स्पीडब्रेकरसारखा. बारीक माणसात डोळ्यांना दिसतो, जाड माणसात बोटालाच कळतो, थोडं दाबावं लागतं. ह्याला अँगल ऑफ लुई म्हणतात. ह्या उंचवट्यावरून बोट आडवं बाजूला न्या, जी बरगडी लागेल ती दुसरी. नेहमी दुसरी. तिच्या खालची मऊ फट ती दुसरी फट. तिथून खाली उतरत जा, बरगडी-फट, बरगडी-फट, पण हाडाला अगदी चिकटून उतरू नका, तिथे बरगड्या गर्दी करतात, जरा बाहेरच्या बाजूने उतरा.

भाचीने आबांचा उंचवटा तीनदा चुकवला आणि चौथ्यांदा सापडल्यावर इतकी ओरडली की शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या.

आता चार जागा. इंग्रजीत ह्यासाठी बरेच फॉर्म्युले आहेत, मला ते कधी लक्षात राहिले नाहीत, मी होस्टेलला असताना आमचा एक फॉर्म्युला होता: आपटे मॅडम. अशा कोणी मॅडम नव्हत्या, फक्त आ-प-ट-म. आ म्हणजे एऑर्टिक (आम्ही ऑर्टिक म्हणतो त्यामुळे आ चालतो), उजवीकडे दुसऱ्या फटीत, मधल्या हाडाला लागून. उजवी म्हणजे पेशंटची उजवी, तुमची नाही. प म्हणजे पल्मोनरी, त्याच रेषेत डावीकडे, दुसरी फट. ट म्हणजे ट्रायकस्पिड, डावीकडेच हाडाच्या कडेने खाली उतरून चौथी फट, काहीजण पाचवी म्हणतात, दोन्ही ठीक. म म्हणजे मायट्रल, पाचवी फट, पण हाडाजवळ नाही, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली रेघ (मिडक्लॅविक्युलर रेषा) सोडली तर तिच्यावर किंवा किंचित आत, मध्यरेषेपासून ८ ते १० सेंटीमीटर. ह्याला एपेक्स पण म्हणतात. आणि प आणि ट च्या मधे, डावीकडे तिसऱ्या फटीत एक जागा आहे तिला अर्ब्ज पॉइंट म्हणतात, ती सोडू नका, पुढे कामाला येते.

इथे भाचीने प्रश्न विचारला आणि प्रश्न चांगला होता. एऑर्टिक झडप तर डाव्या कप्प्यातून निघते, मग ऐकायची उजवीकडे कशी? कारण चारही झडपा मुळात मधल्या हाडामागे एकमेकींना खेटून बसल्यात, सगळ्या मिळून जेमतेम तळहाताएवढ्या जागेत, वेगवेगळ्या ऐकूच येणार नाहीत. आपण झडपेवर कान लावत नाही, तिच्यातून रक्त ज्या दिशेने जातं त्या दिशेला लावतो. आमच्या सोसायटीत सकाळी सहाला पंप सुरू होतो, पंप तळमजल्यावर जिन्याखाली, पण घरघर ऐकू येते ती चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या भिंतीत, कारण पाइप तिथून जातो. तसंच. एऑर्टाचा, म्हणजे डाव्या कप्प्यातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचा, पाइप वर उजवीकडे वळतो, म्हणून आवाज तिथे.

आता स्टेथो ठेवायच्या आधी हात. आधी तळहात एपेक्सवर ठेवा, बोटाच्या पेरांना ठोका लागतो का बघा. लागला तर तीच तुमची मायट्रलची जागा, पुस्तकातली रेघ विसरा. हृदय मोठं झालं असेल तर हा ठोका बाहेर काखेकडे आणि खाली सरकतो, आणि हे तुम्हाला फुकटात कळलं. डाव्या बाजूला काहीच लागत नसेल तर एकदा उजव्या बाजूलाही हात फिरवा, काही लोकांचं हृदय जन्मतः उजवीकडे असतं, डेक्स्ट्रोकार्डिया, आणि गंमत म्हणजे त्यातल्या काहींना स्वतःला माहीत नसतं. पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, तो पाठ टेकून जरा उठलेला, साधारण ४५ अंशात. स्टेथोची चकती तळहातावर चोळून गरम करून घ्या, डिसेंबरच्या सकाळी गार धातू कोणाच्या छातीला लावून बघा, तो श्वासच रोखून धरतो आणि तुम्हाला वाटतं किती को-ऑपरेटिव्ह पेशंट आहे.

बायकांना तपासताना सरळ बोला. काय करणार आहोत ते आधी सांगा, पडदा ओढा, सोबत बाई असू द्या, आणि एपेक्स ऐकायचा असेल तर "ताई, डाव्या हाताने जरा वर उचलून धरता का" असं विचारलं की त्या स्वतःच धरतात आणि दोघींचाही संकोच जातो. संकोचापायी स्तनावरून ऐकलं तर काही ऐकू येत नाही. मुलग्यांनी तर हे आणखी नीट शिकावं, कारण संकोच करून हे जागाच टाळतात आणि मग मायट्रलचे आजार बायकांमध्येच नजरेतून सुटतात, जिथे ते जास्त असतात.

बरं, आता कानात लब-डब येतंय. पुढचा प्रश्न, ह्यातला लब कुठला? ऐकायला सोपं वाटतं पण ठोके शंभरच्या वर गेले की मधली मोकळी जागा आखडते आणि दोन्ही सारखे वाटायला लागतात, टकटकटकटक. मग मर्मर आलाच तर तो लबनंतरचा की डबनंतरचा हे कळत नाही, आणि ते नाही कळलं तर पुढचं सगळं वाया. ह्यावर एकच पक्का उपाय, मानेत कॅरोटिडवर, म्हणजे तिथल्या मोठ्या धमनीवर, दोन बोटं. एकाच बाजूला, दोन्ही बाजू एकदम कधीही दाबायच्या नाहीत, म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊ शकते, आणि रगडायचं नाही, नुसतं टेकवायचं. बोटाखाली ठोका आला त्याच क्षणी कानात जो आवाज आला तो लब. मनगटाची नाडी ह्यासाठी चालत नाही, तिथे पोचेपर्यंत उशीर होतो. दुसरी छोटी युक्ती: वर डब मोठा, खाली लब मोठा. म्हणजे दुसऱ्या फटीत एस टू जोरात, एपेक्सवर एस वन जोरात. वरून सुरू करून एकेक इंच स्टेथो खाली सरकवत आणलात तर डोक्यात लय पकडून ठेवता येते.

आणि एका वेळी एकच ऐका. हे मी भाचीला दहा वेळा सांगितलं आणि तुम्हालाही सांगते. दोन-तीन मिनिटं फक्त लब. आहे का, जोरात आहे का दबका, दर वेळी सारखाच आहे का. डबकडे लक्षच द्यायचं नाही. मग फक्त डब. मग लब आणि डबच्या मधली जागा, तिथे शांतता आहे का काही भरलंय. मग डब आणि पुढच्या लबच्या मधली. सगळं एकदम ऐकायला गेलात तर ते आमच्या ठाण्यातल्या तलावपाळीच्या रविवार संध्याकाळसारखं होतं, सगळे बोलतायत आणि एकाचंही कळत नाही.

फक्त डब ऐकायला लागलात की एक मजेदार गोष्ट सापडेल. डावीकडे दुसऱ्या फटीत स्टेथो ठेवून तरुण माणसाला हळू खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास घेताना डबचे दोन तुकडे होतात, ड-डब, आणि सोडताना परत एक. श्वास घेताना उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, ते ढकलायला वेळ लागतो, म्हणून पल्मोनरी झडप एऑर्टिकपेक्षा जरा मागे राहते. हे नॉर्मल आहे, घाबरू नका. पण तुकडे श्वास घेताना आणि सोडतानाही तेवढ्याच अंतरावर राहिले, तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असू शकतं, एएसडी. आणि उलटं, सोडताना तुकडे आणि घेताना एक, तर डाव्या बाजूला उशीर होतोय, लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा) वगैरे. भाचीला आबांमध्ये स्प्लिट, म्हणजे हे दोन तुकडे, सापडेना, म्हाताऱ्यांमध्ये सापडतही नाही फारसा, होस्टेलवर मैत्रिणींवर करून बघ म्हटलं. रात्री मेसेज आला, "तिघींमध्ये सापडला!!!"

आता बेल. ही छोटी वाटी लोक वापरतच नाहीत, वर्षानुवर्षं धूळ खाते. डायफ्राम घट्ट दाबून ठेवायचा, तो उंच आवाज पकडतो, एस वन, एस टू, गळक्या झडपांचे फुसफुस. बेल मात्र नुसती टेकवायची, हवा जाणार नाही इतपतच, कारण दाबली की खालची कातडी ताणून स्वतःच पडदा बनते आणि बेलचा डायफ्राम होतो. बेल खालचे, घुमे आवाज पकडते. काही स्टेथोंना, लिटमन क्लासिक वगैरे, बेल वेगळी लागत नाही, त्याच पडद्यावर हलकं ठेवलं तर बेलचं काम आणि दाबलं तर डायफ्रामचं, तुमचा कुठला आहे ते डब्यावर वाचा.

बेल एपेक्सवर ठेवायची, पेशंटला डाव्या कुशीवर वळवून. मग कधीकधी तिसरा आवाज येतो, एस थ्री, डबच्या लगेच नंतर, खाली भरणाऱ्या कप्प्यावर रक्त आदळल्यासारखा. किंवा चौथा, एस फोर, लबच्या जरा आधी, वरच्या कप्प्याने ताठर झालेल्या खालच्या कप्प्यात जोर लावून रक्त ढकललं की येतो तो. ह्यांच्या लयीसाठी इंग्रजीत अमेरिकेतल्या राज्यांची नावं घेतात, आपल्याला कशाला अमेरिका, ठाणे स्टेशनवरून दोन्हीकडच्या लोकल सुटतात. एस थ्री म्हणजे डोंबिवली: डों लांबवा, मग बिव-ली पटकन. डों——बिवली, डों——बिवली. लब, डब, आणि लगेच तिसरा. एस फोर म्हणजे घणसोली: घण पटकन, सो लांबवा, मग ली. घणसो——ली, घणसो——ली. चौथा, लगेच लब, मग डब. तोंडाने म्हणत बसा, लोक बघतील, बघू देत.

एस थ्री लहान मुलांत, तरुणांत, गरोदर बाईत नॉर्मल असू शकतो. चाळिशीनंतर ऐकू आला आणि सोबत पाय सुजलेत, आडवं झालं की दम लागतो, तर हार्ट फेल्युअरचा विचार करायचा. एस फोर बहुतेक वेळा वर्षानुवर्षं बीपी असलेल्यांत सापडतो. ज्यांची लय एट्रियल फिब्रिलेशनने बिघडली आहे त्यांच्यात एस फोर येऊच शकत नाही, वरचा कप्पा नुसता थरथरतोय, ढकलणार काय. तिथे तुम्हाला एस फोर "ऐकू" आला तर परत ऐका.

मर्मर हा वेगळा मोठा विषय आहे आणि मी इथे सगळा सांगत नाही, पण एक आबांचाच दाखवते कारण तो घरचाच आहे. आबा ७८ वर्षांचे, उजवीकडे दुसऱ्या फटीत डायफ्राम ठेवला की लब आणि डबच्या मधे एक खरखरीत फुसकारा, लबच्या जरा नंतर सुरू होतो, मधे फुगतो, डबच्या आधी संपतो. स्टेथो मानेत कॅरोटिडवर नेला तर तिथेही थोडा. हा एऑर्टिक झडपेचा. झडप म्हातारपणी जाड होते, पासष्टीच्या पुढे साधारण चारातल्या एकाची होते. आबांचा डब स्वच्छ ऐकू येतो, मानेचा ठोका दमदार आहे, जिना चढताना चक्कर नाही, छातीत दुखत नाही, टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) नुसती जाड झडप, अडथळा नाही. हाच आवाज उशिरापर्यंत लांबला असता, डब दबका झाला असता, मानेचा ठोका हळूहळू वर येणारा लागला असता, तर तीच झडप खरोखर अरुंद झाली असं समजायचं. म्हणजे आवाज किती मोठा ह्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघायचं.

किती मोठा हे सांगायलाही पद्धत आहे, १९३३ मध्ये लेव्हाईनने दिलेल्या सहा पायऱ्या आपण अजून वापरतो. पहिली म्हणजे कान लावून बसल्यावर कसाबसा, दुसरी हळू पण लगेच कळणारा, तिसरी जोरात, चौथीला हाताखाली मांजर गुरगुरल्यासारखं लागतं त्याला थ्रिल म्हणतात, पाचवीला स्टेथोची नुसती कड टेकवली तरी, सहावीला स्टेथो छातीपासून उचलला तरी. आबा दुसरीत. आबांना सांगितलं तर म्हणाले, "शाळेतही दुसरीतच अडकलो होतो."

बाकीच्या मर्मरांसाठी पेशंटला हलवावं लागतं. मायट्रल गळत असेल तर एपेक्सवर लबपासून डबपर्यंत सलग फूऽऽ, काखेकडे जाणारा. मायट्रल अरुंद असेल, जे आपल्याकडे लहानपणच्या रुमॅटिक तापामुळे अजूनही दिसतं, तर डावी कूस, बेल, श्वास सोडून रोखायचा, आणि डबनंतर खालच्या पट्टीत घरघर, लांब खाडीपुलावरून लोकल गेल्यासारखी. एस वन टणत्कारासारखा जोरात असतो, तो ऐकला की घरघर शोधायला लागा. एऑर्टिक गळत असेल तर पेशंटला उठून बसवा, पुढे वाकवा, पूर्ण श्वास सोडून रोखायला सांगा, आणि मघाशी सांगितलेल्या अर्ब्ज पॉइंटवर डायफ्राम घट्ट दाबा. डबनंतर लगेच सुरू होऊन विरत जाणारा, वाऱ्यासारखा बारीक आवाज. झोपवून ऐकाल तर शंभरातले नव्वद जण हा सोडतील, आकडा माझ्या रागातून आलाय, मोजलेला नाही. ट्रायकस्पिड गळत असेल तर श्वास घेताना वाढतो. उजव्या बाजूचे श्वास घेताना वाढतात, डाव्या बाजूचे सोडताना नीट कळतात.

लहान मुलांचं तंत्र उलटं. आईच्या मांडीवर असताना, घसा-कान काही बघायच्या आधी, सगळ्यात पहिल्यांदा छाती ऐकून घ्या, एकदा भोकाड पसरलं की संपलं. त्यांचा एपेक्स चौथ्या फटीत आणि जरा बाहेर असतो. तापात मर्मर येतो आणि ताप उतरल्यावर जातो, बऱ्याचदा निरुपद्रवी असतो. पण डबनंतरचा, हाताला लागणारा, किंवा दूध पिताना घामाघूम होणाऱ्या बाळातला मर्मर कधीही "असू दे" म्हणून सोडायचा नाही, इको करायला पाठवायचं. आणि जुन्या विडी ओढणाऱ्या आजोबांची छाती हवेने फुगलेली असते, तिथे नेहमीच्या जागी काहीच नीट ऐकू येत नाही, स्टेथो छातीच्या हाडाखाली पोटाच्या खळग्यात ठेवा, तिथे लब-डब मिळतं.

ज्यांनी घरी बीपी मशीनबरोबर आलेला स्टेथो ठेवलाय आणि आता उत्साहाने नवऱ्याची छाती ऐकणार आहेत त्यांच्यासाठी: ऐका, मजा घ्या, पण छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात जड झालाय अशा वेळी ऐकत बसू नका. हार्ट अटॅकमध्ये लब-डब अगदी छान ऐकू येऊ शकतं. १०८ ला फोन करा.

संध्याकाळी भाची परत निघायच्या आधी तिला म्हटलं, जे ऐकलंस ते लिही, कॉलेजच्या जर्नलमध्ये लिहायचंय तसं. तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून लिहिलं: पल्स ७२, नियमित. एपेक्स पाचवी फट, मिडक्लॅविक्युलर रेषेच्या आत. एस वन, एस टू नॉर्मल. एस थ्री, एस फोर नाही. सिस्टोलिक मर्मर ग्रेड २, डावीकडे दुसरी फट, मानेत जातो. मी "डावीकडे" वर पेनाने गोल केला. तिने वही हातात धरून आबांकडे तोंड केलं, आपला डावा हात बघितला, मग आबांचा उजवा, खोडलं, आणि पळत स्टेशनला गेली.